पुण्यात एकाच दिवसात बाग आणि रान दोन्ही कुठे बघता येईल?

मृण्मयी_पाषाण

नमस्कार मंडळी,

गणपती झाले की लातूरहून सासू-सासरे आणि दिरांचा दहा वर्षांचा मुलगा आमच्याकडे येतायत. सासऱ्यांना झाडांचं वेड, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि पुतण्याला किडे-पक्षी दिसले की जेवणखाण सुचत नाही. मॉल-बिल नकोच. नीट राखलेली बाग आणि खरंखुरं रान, असं दोन्ही एका दिवसात बघता येईल का पुण्यात? सासूबाईंना फार चढायला लागू नये, एवढीच अट.

हे डोक्यात आलं ते पर्थच्या किंग्ज पार्कमुळे. नणंदेकडे गेले होते तेव्हा तिथे मनसोक्त फिरले. शहराच्या अगदी मध्यभागी, स्वान नदीच्या वर माउंट एलायझा नावाच्या उंचवट्यावर सुमारे ४०० हेक्टरांचं हे पार्क आहे. त्यातला दोन तृतीयांश भाग त्यांनी रान म्हणूनच ठेवलाय. उरलेल्या भागात हिरवळी, झाडांचे रस्ते, युद्धस्मारक आणि १९६५ साली सुरू झालेली वनस्पती बाग. या बागेत फक्त पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या, पण ३००० च्या वर जातींची झाडं-झुडपं आहेत. प्रवेश फुकट. बागेत फिरता फिरता पायवाट कधी रानात शिरते ते कळतही नाही. वाळू, बँक्सियाची खरखरीत झुडपं, खाली पडलेली काळी लाकडी बोंडं. तिथे ना बाकडं, ना कारंजं. आणि लोक त्या रानाला बागेइतकाच मान देतात, हे मला फार भावलं. पायवाट सोडून कुणी आत जात नाही.

आपल्याकडे टेकड्या आहेत, बागाही आहेत. पण टेकडी म्हणजे अजून काहीतरी बांधायची राहिलेली जागा, असंच बहुतेकांना वाटतं. मला उलट वाटतं. टेकडी जशी आहे तशीच बघायला पाहुण्यांना न्यावं. तुमचं मत आणि ठिकाणं, दोन्ही सांगा.

हडपसरकर

एम्प्रेस गार्डन. डोळे झाकून.

कुसुमकाकू

हडपसरकरांशी सहमत. रेसकोर्सजवळची एम्प्रेस गार्डन सुमारे ३९ एकरांची आहे आणि सपाट आहे, त्यामुळे तुझ्या सासूबाईंना चालेल. झाडं इतकी जुनी आणि उंच आहेत की भर दुपारीसुद्धा खाली गारवा असतो. मधून ओढा वाहतो. माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली झाडांवरून झाडांवर गेल्यात, त्या सासऱ्यांना नक्की दाखव. बागेचा कारभार ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी बघते. २६ जानेवारीच्या सुमाराला तिथे पुष्पप्रदर्शन भरतं, पण तुझे पाहुणे सप्टेंबरात येतायत म्हणजे ते हुकणार.

शनिवार-रविवार सहलींची गर्दी फार, म्हणून मधल्या वारी जा. आणि धनेश बघायला मान वर ठेव. राखाडी रंगाचा, मोठ्या चोचीचा, घारीसारखा तरंगत जातो. आमच्या नातवाने तिथेच पहिल्यांदा पाहिला.

अमोघ_के

एम्प्रेस छानच आहे, पण ती बाग झाली. रान कुठे?

टेकडीवाला

रान हवं तर वेताळ टेकडी. पुणे शहरातली सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. वर जायला वाटा चिक्कार: गोखलेनगर, पंचवटी, पाषाण, लॉ कॉलेजची बाजू, कोथरूड. धागाकर्त्या ताईंनी पौड रस्त्याच्या बाजूने एआरएआयच्या (वाहन संशोधन संस्थेच्या) रस्त्याने गाडी वर न्यावी. तिथून वेताळाच्या देवळाकडची वाट बरीचशी सपाट आहे. गुडघे दुखणारं माणूस हळूहळू जाऊ शकतं, आणि नको वाटलं तर आहे तिथे बसूही शकतं.

सप्टेंबरात टेकडी हिरवीगार असते. कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, तेरडा, केन्याची निळी फुलं. जुन्या दगडखाणीत पाणी साठलेलं असतं. तिथे टिबुकली, खंड्या, ढोकरी हे हमखास. मोरांचा आवाज तर येतोच.

पुतण्यासाठी खास: रुईचं झुडूप दिसलं की थांबायचं आणि पानांच्या खालची बाजू बघायची. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा जाडजूड नाकतोडा रुईवर असतो. इतका सुस्त की पोराला नाक लावून निरखता येतो. हातात मात्र घेऊ देऊ नका. डिवचला तर घाण वासाचा चीक उडवतो. त्याच पानांवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची सुरवंटंही सापडतील, पुढे त्यांची केशरी फुलपाखरं होतात. रुईचा चीक विषारी. तो खाऊन या दोघांच्याही अंगात विष भिनतं, म्हणून पक्षी सहसा त्यांच्या वाटेला जात नाहीत. म्हणूनच ते एवढे भडक रंग मिरवत उघड्यावर बसतात. दहा वर्षांच्या पोराला हे प्रत्यक्ष दाखवलं की पुस्तकात दहा पानं वाचायला नकोत.

निखिल_बाणेर

मी जरा वेगळं मत मांडतो. वेताळ टेकडीवर मी नियमित जातो. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर वर काय असतं? उघडा मुरूम आणि वाळकं गवत. मार्च-एप्रिलमध्ये तर वणवा लागून सगळं काळं झालेलं असतं. एवढी मोठी जागा शहराच्या मध्यात आहे, तर तिथे दाट झाडी लावावी, फरसबंद वाटा कराव्यात, बाकडी ठेवावीत, पिण्याच्या पाण्याची सोय करावी. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. त्यांना मी खडकाळ वाटेवर नेऊच शकत नाही. रान जसंच्या तसं ठेवा म्हणणं सोपं आहे, पण मग ते फक्त धडधाकट लोकांचं होतं.

भटक्या_बबन

पुणेकराला बाकडं दिलं की दुसऱ्या दिवशी त्यावर "येथे बसू नये" अशी पाटी लागते. निखिलभाऊ, बाकडं राहू द्या, आधी पाटीचा खर्च धरा. :)

वनस्पतीवेडी

निखिल, तुमच्या वडिलांचा मुद्दा अगदी खरा आहे, त्यावर शेवटी येते. पण "उघडा मुरूम आणि वाळकं गवत" याबद्दल मनापासून लिहायचंय. थोडं लांबेल.

पुण्याच्या टेकड्या बेसाल्टच्या. वर मातीचा थर इतका पातळ की बऱ्याच ठिकाणी बोटभर खणलं की मुरूम लागतो. पाऊस चार महिने, नंतर आठ महिने कोरडं. अशा जागी निसर्गतः दाट जंगल होतच नाही. गवत होतं, आणि गवतात मधूनमधून खुरटी, पानगळीची झाडं. सालई, मोई, हिवर, गणेर, मेडशिंगी, कांडोळ. हेच आपल्या टेकडीचं खरं रूप. ते उजाड वाटतं कारण रान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येतं.

काही दशकांपूर्वी टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून ग्लिरिसिडिया लावला. मूळचा मध्य अमेरिकेतला. भराभर वाढतो, तोडला तरी फुटतो, गुरं सहजी तोंड लावत नाहीत. लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता, डोळ्यांना हिरवं दिसलं आणि धूपही थांबली असेल. पण आज फेब्रुवारीत टेकडीवर जे गुलाबी ताटवे बघून लोक फोटो काढतात, त्यांच्या खाली वाकून बघा. गवत जवळजवळ नाही. चंडोल, लावे, तित्तर हे सगळे जमिनीवर घरटं करणारे पक्षी, त्यांना गवत हवं. तिथे आणखी दाट झाडी लावली की तेही जाणार.

आणि वाळक्या गवतातही बघण्यासारखं भरपूर असतं. दिवाळीनंतर कुसळी गवत पिकतं आणि मोज्यांत कुसळं भरतात, तेव्हा वैतागून फेकून देऊ नका. एक कुसळ तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. त्याची काळी शेपटी वळायला लागते, हळूहळू स्वतःभोवती फिरते. वाळली की उलटी फिरते. जमिनीवर पडलेलं बी असंच दवाने ओलं आणि उन्हाने कोरडं होत होत, टोकाने मातीत शिरत जातं. त्या मुरमात बी पेरायला आणखी कोण येणार? मी हे कॉलेजच्या मुलांना दाखवते तेव्हा पोरं अर्धा अर्धा तास जागची हलत नाहीत.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गणेर पाहिलाय का? एकही पान नाही आणि फांद्यांच्या टोकांना तळहाताएवढी पिवळीधमक फुलं. तुमच्या "वाळक्या" महिन्यांतच तो फुलतो.

आता वडिलांबद्दल. बाकडी आणि सपाट वाटा पायथ्याला आणि गाडी जाते तिथवर जरूर हव्यात. व्हीलचेअर जाईल असा एखादा चांगला पट्टा कडेला करावाच. फक्त पूर्ण माथा फरसबंद करू नये. मृण्मयीताईंनी सांगितलेल्या किंग्ज पार्कची मांडणी साधारण अशीच आहे ना? कडेला बाग, आत रान.

मृण्मयी_पाषाण

@वनस्पतीवेडी, हो, अगदी अशीच. दर्शनी कडेला फ्रेझर ॲव्हेन्यू, दोन्ही बाजूंनी उंच पांढऱ्या खोडांचे निलगिरी. तिथे सगळं सपाट, व्हीलचेअर आरामात जाते. झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा एक पूलही आहे, २००३ साली बांधलेला. रान त्याच्यापुढे.

आणि हो, कुसळाचा प्रयोग मी करणारच.

पर्थचा_पंत

धागा वाचून राहवलं नाही. मूळचा नारायण पेठेतला, बरीच वर्षं पर्थमध्ये. किंग्ज पार्क घरापासून जवळ आहे, म्हणून दोन शब्द.

ते रान आपोआप टिकलेलं नाही. १८९५ साली ते 'पर्थ पार्क' म्हणून खुलं झालं, १९०१ मध्ये नाव बदललं. त्याआधी तिथली मोठी लाकडं तोडून झाली होती. जानेवारी १९८९ मध्ये आग लागली आणि जवळजवळ निम्मं रान जळालं. आफ्रिकेतून आलेलं तण माजतं, ते सतत काढावं लागतं. मातीतून पसरणाऱ्या रोगाने बँक्सिया मरतात. म्हणजे निखिल म्हणतात ते वणवे इकडेही आहेत, आणि आपल्या ग्लिरिसिडियाचे भाऊबंदही. फरक एवढाच की रान राखणं हे काम आहे असं मानून त्यासाठी माणसं नेमलीत. शिवाय स्वयंसेवक रोज फुकट फेरी घडवतात. मी त्यांतल्या एका आजींबरोबर फिरलो तेव्हा त्यांनी एकाच झुडपापाशी इतका वेळ घालवला की बाकीचे लोक उन्हातही हलले नाहीत.

पर्थ आणि पुणे दोन्हीकडे वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास. पण इथे तो हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा. इथली माती इतकी निकस की बँक्सियाला आपण प्रेमाने फॉस्फरसचं खत घातलं तर ती मरते. वनस्पतीवेडींचा मुद्दा मला त्यामुळे लगेच पटला. निकस जमिनीवरच्या झाडांना निकस जमीनच मानवते.

पाहुण्यांना कधी इकडे आणलंत तर सप्टेंबर गाठा, रानफुलांचा महिना. आणि तो मोठा बाओबाब बघा. २००८ साली उत्तरेकडच्या किंबर्लीतून रस्त्याने ३२०० किलोमीटर आणून लावलाय. तिथल्या गिजा लोकांनी तो निरोपाचे विधी करून दिला.

निखिल_बाणेर

वनस्पतीवेडी, पंत, दोघांचेही आभार. गवताच्या पक्ष्यांचं मला खरंच माहीत नव्हतं. व्हीलचेअरच्या पट्ट्याचा आग्रह मात्र सोडणार नाही. वडिलांना एकदा तरी वरचा वारा खायचाय.

अरुंधती_सहकारनगर

निखिल, वडिलांना तळजाई टेकडीवर आणा. गाडी थेट वरपर्यंत येते, देवळापाशी लावता येते आणि पाचगाव-पर्वती वनविहाराच्या वाटा बऱ्याच सपाट आणि रुंद आहेत. तिथे वडीलधारी मंडळी खूप येतात, आमच्या इमारतीतले ऐंशीच्या पुढचे दोन आजोबाही.

मृण्मयीताई, तुमच्या सासूबाईंनाही हेच सोयीचं. सकाळी लवकर गेलात तर मोर वाटेवर चालताना दिसतील.

एक कळकळीची विनंती, पाहुण्यांनाही सांगा: मोरांना काही घालू नका. शेव, फरसाण, भात, पोळ्या, सगळं टाकलेलं असतं. मोर स्वतः साप-सरडे, किडे, धान्य वेचून पोट भरतो. आपण फरसाण टाकलं की तो वाटेवर येऊन उभा राहतो, त्याच्यामागे भटकी कुत्री येतात आणि मोराची पिल्लं त्यांच्या तावडीत सापडतात. मी रोज बोलते, कधी ऐकतात, कधी भांडतात. "पुण्य मिळतं" म्हणतात. मी बोलायचं सोडणार नाही.

कुसुमकाकू

अरुंधती, शाब्बास. बोलतच राहा.

सई_एस

बाया एकट्या जातात का हो टेकडीवर? मी औंधला राहते, पक्षी बघायची फार हौस आहे, पण लुबाडल्याच्या बातम्या वाचून धीर होत नाही.

टेकडीवाला

सई, सकाळी साडेसहा ते नऊ भरपूर वर्दळ असते, त्यात बायकांचे गटही खूप. एकटीने आडवाटेला किंवा खाणीच्या मागच्या अंगाला जाऊ नका, आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत खाली या. पुरुषांनाही मी हेच सांगतो. दागिने घरी ठेवा. सुरुवातीला पक्षी बघणाऱ्यांच्या एखाद्या गटाबरोबर जा, वाटा ओळखीच्या झाल्या की भीती कमी होते.

अरुंधती_सहकारनगर

आणि टेकडीवर रोज येणारी माणसं हीच खरी राखण. जितक्या बायका येतील तितक्या पुढच्या बायका निर्धास्त येतील. सई, तळजाईला या, मी सोबत येते.

अमोघ_के

सगळं ठीक, पण या टेकड्या राहणार आहेत का, हा प्रश्न कुणीच काढला नाही. बालभारती ते पौड फाटा हा नियोजित रस्ता आणि वेताळ टेकडीखालचे नियोजित बोगदे यावरून २०२३ मध्ये किती लोक रस्त्यावर उतरले होते! वाहतूक कोंडी मी रोज भोगतो, सेनापती बापट रस्त्यावर माझे तासन् तास जातात, तरीही मी त्या मोर्चात होतो. पायथ्याच्या विहिरी-बोअरला पाणी येतं ते याच टेकड्यांच्या मुरमातून झिरपून. खडक एकदा फोडला की तो पुन्हा सांधता येत नाही.

शिवाय महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, ९५० हेक्टरांहून जास्त. म्हणजे किंग्ज पार्कच्या दुपटीहून मोठं! कागदावर आपल्याकडेही आहे की. जमिनी खासगी, मोबदल्याचा प्रश्न लोंबकळलेला, म्हणून सगळं अडलंय. ज्यांच्या जमिनी अडकल्या त्यांचेही हाल बघवत नाहीत. त्यांना रास्त मोबदला देऊन हा विषय एकदाचा मार्गी लागावा.

भटक्या_बबन

अमोघ, हे पटलं. आज विनोद नाही.

हडपसरकर

अवांतर होतंय पण महत्त्वाचं आहे. चालू द्या.

कॅम्पातला_कृष्णा

कात्रजचं प्राणिसंग्रहालय कुणीच कसं सुचवलं नाही? पेशवे पार्कातले प्राणी १९९९ मध्ये तिकडे हलवले. सुमारे १३० एकर जागा, आत तलाव, सर्पोद्यान, आणि चालवत नसेल तर बॅटरीवरच्या गाड्या. पुतण्या खूश, सासूबाईही खूश. बुधवारी बंद असतं, तेवढं सांभाळा.

सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे उद्यान हीही देखणी बाग. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली, कालव्याचं पाणी खेळवलेलं. पण तिथे हिरवळीवर धावायला मनाई, तेव्हा दहा वर्षांच्या पोराला आधी समजावून न्या.

मृण्मयी_पाषाण

सगळ्यांचे मनापासून आभार! एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आमचं असं ठरतंय: सकाळी सात वाजता तळजाई, सगळे मिळून. मग सहकारनगरात कुठेतरी नाश्ता. तिथून एम्प्रेस गार्डन, दुपार झाडांखाली. डबा घरून नेऊ. दुसऱ्या दिवशी मी, सासरे आणि पुतण्या वेताळ टेकडी. सासूबाई म्हणतात त्या घरी बसून गुळाच्या पोळ्या करतील, आणि मला हे मुळीच मान्य नाही, म्हणून त्यांनाही गाडीने एआरएआयपर्यंत नेणार आहे.

सासऱ्यांना वनस्पतीवेडींचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, मराठवाड्यातलं माळरानही असंच, आम्ही लहानपणी मेडशिंगीच्या वाकड्या शेंगांनी खेळायचो. वेताळ टेकडीवर मेडशिंगी नेमकी कुठे दिसेल ते कुणी सांगाल का?

वनस्पतीवेडी

देवळाकडून खाणीकडे जाताना उताराच्या बाजूला बघत चला. लहान चणीचं झाड, शिंगासारख्या वळलेल्या लांब शेंगा लटकताना दिसल्या की तेच. फुलं उन्हाळ्यात येतात, पांढरी, रात्री उमलणारी, सकाळी खाली सडा असतो. सप्टेंबरात शेंगा मिळाव्यात. खाली पडलेलीच उचला आणि तडकलेली असेल तर आतलं बी तिथेच झटकून द्या. पातळ पंख असलेलं बी असतं, वाऱ्यावर जातं.

तुम्ही कुठल्या दिवशी जाताय ते कळवा. त्या आठवड्यात मला सुट्टी आहे, जमलं तर मीही येते.

निखिल_बाणेर

मी वडिलांना घेऊन तळजाईला येतो त्याच सकाळी. फाटकापाशी भेटू. अरुंधतीताई, गाडी लावायला जागा मिळण्यासाठी किती वाजता पोचावं?

अरुंधती_सहकारनगर

रविवार असेल तर साडेसहाच्या आत. एरवी सातलाही मिळते. वडिलांसाठी घडीची खुर्ची गाडीत टाका, पहिल्या वळणानंतर सावलीत बसायला छान जागा आहे. आणि फरसाण आणू नका!